लहान पितळी हात

१२ जानेवारी

चि. धाकटीस,

ताईचे दिवस करून तू गावी परतलीस, त्यानंतर घर जमेल तसं आवरलं. स्वयंपाकघरात तू नव्याने लावलेल्या डब्यांतलं मला काही सापडत नाही, पण बदललेलं नाही. तुझ्या ताईच्या कपड्यांपैकी दोन लोकरीच्या शाली तुझ्यासाठी बाजूला ठेवल्या आहेत. बाकीचं कपाट अजून उघडलेलं नाही. सवडीने बघेन.

सोमवारपासून कामावर जातो. कचेरीत सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. शिपाई फाइल ठेवतानाही आवाज होऊ देत नाही. आधी मोठ्याने आपटायचा, तेच बरं होतं.

आमच्या समितीकडे नवा व्यापार करार तपासायला आला आहे. कोणत्या परदेशी मालावरचा कर कमी करायचा याची त्यात लांबलचक यादी आहे. तिच्यात कामगारांचे चामडी हातमोजेही आहेत, हे तू वर्तमानपत्रात वाचलंच असशील. छोट्या कारखानदारांच्या तुमच्या संघटनेला साक्षीसाठी बोलावणं गेलं आहे. कामाबद्दल याहून जास्त लिहिता येणार नाही.

तब्येतीला जप. गुडघ्याला शेक देत जा.

तुझे,
भाऊजी


२१ जानेवारी

ती. भाऊजींना धाकटीचा नमस्कार.

तुमच्या पत्रापेक्षा वीज कंपनीची नोटीस मायेची असते. तरी दोनदा वाचलं. शाली पाठवू नका, मी आले की नेईन. डबे असे आहेत: चहा वरच्या फळीवर, साखर त्याच्या शेजारी, मीठ निळ्या झाकणाच्या डब्यात. चहात मीठ घालून प्यायला असाल आणि कुणाला बोलला नसाल, याची मला खात्री आहे.

आता कामाचं. इथे एक गोदामवाले येऊन गेले. परदेशी हातमोजे आणून विकतात. त्यांना आपला कारखाना जागेसकट हवा आहे. शिलाईची मशिनं, कापायच्या दाबयंत्राचा सांगाडा, बाबांचे इस्त्रीचे पितळी हात, सगळं. मशिनं मोडीत घालतील आणि जागेत माल भरतील. पण माणूस वाईट नाही. आपल्या सहाही बायकांना गोदामात पॅकिंगला घेतो म्हणाले, तसं लिहून द्यायला तयार आहेत. मार्चअखेर उत्तर हवं आहे.

भाऊजी, सगळं त्या करावर अडलंय. कर राहिला तर आपण कसेबसे तग धरू. कर उठला तर वर्षभरात कुलूप लागेल, आणि तेव्हा या बायकांना कुणी विचारणार नाही. आज विकलं तर सहा घरं चालतात, उद्या विकायला काही उरणार नाही. आमच्या मोठ्या बाई माझ्या तोंडाकडे बघत बसतात. चष्मेवाली तर शिवता शिवता थांबते. कुणी काही विचारत नाही, त्याचाच जास्त त्रास होतो.

तुम्ही त्या खोलीत बसता. एक शब्द लिहा. ‘हो’ किंवा ‘नाही’. त्याखाली सही करू नका हवं तर.

ताई तुम्हाला ‘कुलूपराव’ म्हणायची ते उगाच नाही. आता तुम्हाला उघडायचं कुणी?

तुमची एकुलती एक मेहुणी


२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

चहा सापडला. मिठाबद्दल तुझा अंदाज बरोबर होता.

तू विचारलंस त्याचं उत्तर मला देता येत नाही. सभागृहात अहवाल मांडला जाईपर्यंत समितीत काय बोललं जातं, कुणाचा कल कुठे आहे, यातलं काहीही बाहेर सांगायचं नसतं. घरच्यांनाही नाही. तुझी ताई कधी विचारायची नाही. विचारू नकोस, आणि रागावू नकोस.

कारखान्याचा निर्णय तुझा आहे. तू जो घेशील तो विचार करूनच घेशील.

एक मागणं आहे. पितळी हात एवढ्यात विकू नकोस.

इथे थंडी कमी झाली आहे.

तुझे,
भाऊजी


१४ फेब्रुवारी

ती. भाऊजी,

पत्र पोहोचलं. किती बरं वाटलं ते कागदावर लिहीत नाही, लिहू नये हेही मला कळतं. एवढंच सांगते, तुमच्या पत्राने माझं मन पक्कं झालं. दुसऱ्याच दिवशी गोदामवाल्यांना नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, “बाई, पुन्हा एकदा विचार करा.” मी म्हटलं, “माझ्या भाऊजींनी आयुष्यात एकदा काही मागितलंय.” त्यांना काही समजलं नाही. न समजलेलंच बरं.

मोठ्या बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं आणि पदराने डोळे पुसून पुन्हा सुरू केलं. मग म्हणाल्या, “मला त्या पॅकिंगमध्ये उभं राहायचंच नव्हतं, पाय सुजले असते.” सुटल्यासारखं वाटलं की या बाया आधी तक्रार करतात.

आणखी एक. संघटनेच्या अध्यक्षांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, म्हणून साक्षीला मीच येणार. पंचवीस मार्चला. मी! शाळेत कविता म्हणताना रडलेली! पण आता भीती वाटत नाही. का ते तुम्हाला ठाऊक आहे.

धाकटी


२३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

तुझं पत्र वाचून मला बरं वाटलं. या दोन महिन्यांत पहिल्यांदाच तसं वाटलं असेल. तुलाही पितळी हातांबद्दल माझ्यासारखंच वाटत असेल, असा विचार मी केला नव्हता. मला उगाच संकोच वाटत होता. यावर आणखी काही लिहायची गरज नाही, आपल्याला कळलं.

साक्षीसाठी सूचना. बोलायला थोडा वेळ मिळेल, मग सदस्य प्रश्न विचारतील. ठाऊक नसेल ते ठाऊक नाही म्हणावं. सोबत नमुन्याचे मोजे आण. पाणी समोर ठेवलेलं असतं.

साक्षीच्या आधी माझ्याकडे उतरू नकोस. संघटनेने सोय केली आहे तिथेच राहा. त्यामागे कारण आहे. साक्ष झाली की घरी ये. मी आमटीभात करायला शिकलो आहे.

तुझे,
भाऊजी


२९ मार्च

भाऊजी,

तुमचा आमटीभात गार झाला असेल. मी बाहेर पडले ती सरळ गाडीत बसले. का ते सांगते, नीट वाचा.

आधी साक्षीचं. ती लांबलचक टेबलाची खोली, भिंतीला लाकूड, समोर घोड्याच्या नालासारखे बसलेले सगळे सदस्य. तुम्ही कोपऱ्यातल्या टेबलाशी होतात. मी आत आले, तुम्ही मला बघितलं. मनात म्हटलं, चला, आपलं माणूस आहे. तेवढ्यात समितीच्या अध्यक्षबाईंनी पुकारलं, “हातमोजे,” आणि तुम्ही कागद गोळा करून उठलात आणि दाराबाहेर गेलात. मला तुमची पाठ दिसली. पाणी प्यायला गेलात म्हणावं तर पाणी समोर होतं, तुम्हीच लिहिलं होतं. परत आला नाहीत. ताई असती तर ती त्या टेबलावर चढून बसली असती.

तरी मी बोलले. एका सदस्यांनी विचारलं, “बाहेरचा मोजा निम्म्या किमतीत मिळतो, कामगाराने तुमचा का घ्यावा?” मी म्हटलं, “साहेब, आधी तो घालून तापलेली सळई धरा, मग आमचा घालून धरा. मग मी तुम्हाला विचारते.” सगळे हसले. अध्यक्षबाई म्हणाल्या, “सळई नको, मोजा द्या इकडे.” त्यांनी घातला. त्यांचा हात एवढासा. बोटांची टोकं रिकामीच लोंबत होती, हात हलवला तर सशाचे कान हलावेत तशी.

“हा माझ्या हाताचा नाही,” त्या म्हणाल्या.

“पुरुषांच्या मापाचा आहे, बाई.”

“मग बायकांच्या मापाचा दाखवा.”

“तो कुणी मागत नाही.”

“मागत नाही, की बनवत नाही?”

तुम्ही सांगितलं होतं तसं “ठाऊक नाही” म्हटलं.

आणि मग ते घडलं. मी आपली बोलता बोलता म्हणाले, “समितीने आमचा विचार केलाच आहे, त्याबद्दल आभार.” एक वयस्क सदस्य चष्म्यावरून बघून म्हणाले, “बाई, समितीने अजून कसलाच विचार केलेला नाही. आज पहिली साक्ष. अहवालाचा एक शब्द लिहिलेला नाही.”

मी नमुन्याचे मोजे गोळा केले आणि बाहेर पडले.

भाऊजी, मग फेब्रुवारीत तुम्ही मला काय लिहिलं होतंत? ज्या माणसाने मला उभ्या जन्मात ‘छत्री घेऊन जा’ एवढाही सल्ला दिला नाही, तो माणूस ‘पितळी हात एवढ्यात विकू नकोस’ असं लिहितो. मी त्याचा काय अर्थ घ्यायचा? मला वाटलं, तुम्हाला आतलं कळलंय, उघड लिहिता येत नाही म्हणून असं लिहिलंत. त्यावर मी गोदामवाल्यांना परत पाठवलं. त्यांनी पलीकडच्या गल्लीतला सुतळीचा कारखाना घेतला. तिथल्या बायका पॅकिंगला लागल्या. आमच्या सहाजणी मी साक्ष देऊन काय आणलं म्हणून दारात उभ्या होत्या.

तुम्ही मला उत्तर द्यायचं आहे. सरकारी नको.

धाकटी


६ एप्रिल

चि. धाकटीस,

तुझं पत्र मिळालं. त्याच दिवशी दुपारी ते घेऊन मी अध्यक्षबाईंकडे गेलो. एका साक्षीदाराने माझ्या पत्रावरून समितीचं मत कळल्याचा समज करून घेतला, ही गोष्ट त्यांना कळवणं भाग होतं. त्यांनी तुझं पत्र वाचलं. मी काय लिहिलं होतं तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, “पितळी हात म्हणजे काय?”

मला ते सांगावं लागलं. बराच वेळ लागला. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, “हे मला कशाला सांगता? तिला लिहा.” म्हणून लिहितो आहे. मला असं लिहिण्याची सवय नाही.

आधी दाराबाहेर गेलो त्याबद्दल. करार समितीकडे आला त्याच आठवड्यात मी लेखी कळवलं होतं की माझ्या सासरी हातमोजे बनतात. अशा वेळी तो विषय निघाला की खोलीतून उठून जायचं, त्याचा एकही कागद बघायचा नाही, अशी रीत आहे. ते काम माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे आहे, तो त्याची फाइल माझ्या समोर उघडतही नाही. हातमोज्यांबद्दल समितीला काय वाटतं हे आपल्या सगळ्यांत मला सर्वांत कमी ठाऊक आहे. हे तुला तेव्हाच लिहायला हवं होतं. तीही समितीची आतली गोष्ट, असं समजून लिहिलं नाही. लिहिलं असतं तर काही बिघडलं नसतं, असं अध्यक्षबाई म्हणाल्या.

तू बोलत होतीस तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो. दार जाड आहे, शब्द कळत नाहीत. एकदा सगळे हसल्याचं ऐकू आलं. तेव्हा वाटलं, तुझं बरं चाललं आहे.

आता पितळी हात. शिवून झालेला मोजा ज्यावर चढवून इस्त्री करतात ते बाबांचे साचे, हे तुला मी काय सांगावं. त्यांतला सर्वांत लहान, शेवटच्या खुंटीवरचा, तो बाबांनी तुझ्या ताईच्या हातावरून ओतवून घेतला होता. ती तेव्हा शाळा संपवून कारखान्यात बसायला लागली होती. त्या मापाचे मोजे फार काही खपले नाहीत.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आलो ते एका सर्वेक्षणासाठी. छोट्या कारखान्यांची माहिती घेत फिरत होतो. ती त्या लहान हातावर मोजा चढवत होती. मी विचारलं, हे काय आहे. ती म्हणाली, “हा माझा हात आहे. त्याला हात लावू नका, भाजेल.” मी लावला. का लावला ते मला आजही सांगता येणार नाही. ती एवढी हसली की बाबा आतून बाहेर आले. माझ्या उजव्या तळव्यावर अंगठ्याखाली जो डाग आहे, तो तोच. तुम्ही सगळे समजता तसा तो किटलीचा नाही. ती गोष्ट आम्ही दोघांनी कुणाला सांगितली नव्हती.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी तिचा हात धरून बसायचो. फार बारीक झाला होता. आता त्या मापाचा तेवढाच एक हात उरला आहे. तो मोडीत जाईल असं तुझ्या पत्रात वाचलं आणि लिहिलं, विकू नकोस. ‘एवढ्यात’ लिहिलं, कारण मला स्वतः येऊन तो न्यायचा होता आणि येण्याची हिंमत अजून होत नव्हती. कारण लिहिलं नाही. ते कसं लिहायचं ते कळलं नाही.

एका ओळीत मागणं केलं आणि तू त्यावर सहा घरांचा निर्णय घेतलास. चूक माझी आहे. त्या बायकांना हे पत्र वाचून दाखवायचं असेल तर दाखव.

अहवालाचं सगळंच काम अध्यक्षबाईंनी माझ्याकडून काढून घेतलं आहे. तो मांडला जाईपर्यंत मी तळमजल्यावर जुन्या कागदांच्या दप्तरखान्यात आहे. शिक्षा नाही, असंच करायचं असतं. इथे शांतता आहे आणि शिपाई फाइल आपटतो.

तुझे,
भाऊजी


१९ जून

ती. भाऊजी,

इतके दिवस लिहिलं नाही. आधी राग होता, तो तुमचं पत्र वाचता वाचताच गेला. मग लाज वाटली. मग कामात बुडाले. क्रमाने सांगते.

तुमचं पत्र मी बायकांना वाचून दाखवलं. सगळं नाही, दवाखान्याचं वगळलं. किटलीचं मात्र वाचलं. मोठ्या बाई म्हणाल्या, “बघा, आणि आपण इतकी वर्षं त्या किटलीला नावं ठेवली!” चष्मेवाली उठली, शेवटच्या खुंटीवरून तो लहान हात काढला, चिंचेने घासून लख्ख केला. त्यावर एवढी धूळ होती की मी तो ओळखलाच नसता. ताईचा आहे हे मला ठाऊक नव्हतं, भाऊजी. बाबांनी मला सांगितलं नाही, तिनेही नाही. माझा हात का नाही ओतवला, म्हणून मी भांडले असते, म्हणूनच असेल.

तो हातात घेतला आणि मला तुमच्या अध्यक्षबाईंच्या हातातल्या मोज्याची रिकामी टोकं आठवली.

दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या वर्कशॉपच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. तिथे वेल्डिंगला आता बायकाही आहेत. एकीला म्हटलं, “मोजे दाखव गं.” तिने दाखवले. बोटांच्या टोकांत चिंध्या कोंबलेल्या. म्हणाली, “काय करणार, सगळे बाप्यांचेच येतात.” दुसरी मोजे न घालताच काम करते, तिचे हात बघवत नव्हते. मी कारखान्यात आले आणि त्या लहान मापाच्या बारा जोड्या कापायला घेतल्या. बाबांचा त्या मापाचा कापायचा साचा गंजला होता, तो लोहाराकडून धार लावून आणला. जोड्या तिथल्या बायकांना नुसत्या वापरायला दिल्या. गेल्या आठवड्यात वर्कशॉपच्या भांडारातून माणूस आला, नमुना घेऊन गेला. काल मागणी आली. मोठी नाही. पण परदेशी मालाच्या गोदामात हे माप नाही, हे मी आधी पाहून घेतलं आहे. आपल्या गोदामवाल्यांनाच विचारलं. त्यांनी खरं सांगितलं. म्हटलं ना, माणूस वाईट नाही.

अहवाल आला तो तुम्हीही माझ्यासारखा वर्तमानपत्रातच वाचला असेल, यावर आता माझा विश्वास बसतो. कर एकदम उठवू नये, पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरवावा. म्हणजे उठणार हे नक्की. सरकार समितीचं किती ऐकेल तेही बघायचं. मोठ्या बाई म्हणाल्या, “पाच वर्षांत मी निवृत्त होते, पुढचं तुम्ही बघा.” पुढचं बघू. गोदामवाल्यांना हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं का, हा विचार अजून कधी कधी येतो, तुमच्यापासून लपवत नाही. सुतळीवाल्याच्या बायकांना वेळेवर पगार मिळतो. आमच्या सहाजणी अजून इथेच आहेत, हसताहेत, आणि महिनाअखेरीला माझी झोप उडते.

अहवालात एक ओळ आहे, बघितलीत का? ‘स्त्री कामगारांच्या मापाची संरक्षक साधने देशात तयार होत नाहीत व आयातही होत नाहीत, याची शासनाने दखल घ्यावी.’ ती कुठून आली ते मला ठाऊक आहे. तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात, पण माझ्या पत्रावरून तुम्हीही ओळखलं असेल.

आता भांडण. तो हात तुम्हाला मिळणार नाही. मी पाठवणार नाही, आणि न्यायला आलात तरी देणार नाही. तो एकच आहे आणि रोज लागतो. सकाळी चष्मेवाली आल्या आल्या आधी तोच तापायला लावते.

सोबत त्याच्यावर इस्त्री झालेली पहिली जोडी पाठवते. तुम्हाला होणार नाही.

तुमची,
धाकटी


२७ जून

चि. धाकटीस,

मोजे मिळाले. घालून बघितले. माझी बोटं निम्म्यातच अडली.

हात पाठवू नकोस. तू म्हणतेस तेच बरोबर आहे. मी मागितला तेव्हा तो कपाटात ठेवायचा असं मनात होतं. कपाट भरलेलंच आहे. काल ते उघडलं, तू आलीस की दोघं मिळून बघू.

अहवालातली ओळ मी वाचली. छापून आल्यावरच. अध्यक्षबाई जिन्यात भेटल्या, त्यांनी विचारलं, “तो हात कुठे आहे आता?” मी म्हटलं, “कामाला लागला.” त्या म्हणाल्या, “मग तुम्हीही वर या.” सोमवारपासून मी पुन्हा माझ्या टेबलावर असेन.

त्याआधी रजा घेतली आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने निघतो, दुपारी कारखान्यात पोहोचेन. शाली घेऊन येतो. स्टेशनवर कुणी येऊ नका, रस्ता मला ठाऊक आहे.

चष्मेवालीला सांगून ठेव. मी त्या लहान हाताला हात लावणार आहे. तो तापलेला असला तरी आधी सांगू नका.

तुझे,
भाऊजी